जोडणी किती काळासाठी हवी?

९ जानेवारी

चि. मुंगीस,

अक्षर ओळखलंच असशील. फाडू नकोस, कामाचं पत्र आहे. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो. कागदावर निदान माझं बोलणं पूर्ण होईल.

काम असं, की घरासाठी इंटरनेटची नवी जोडणी घ्यायची आहे. तू तक्रारकेंद्रात बसून दिवसभर लोकांची बोलणी खातेस ती याच एका गोष्टीवरून. कुठली कंपनी खरी चालते आणि कुठली नुसती जाहिरातीत पळते, हे आपल्या घरात तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. शिवाय तुमची कंपनी आमच्या भागात नाही, तेव्हा तू आपलंच घोडं पुढे दामटणार नाहीस.

मी अजून तेच काम करते. डॉक्टर तपासणी झाली की टिपणं बोलून ठेवतात, ती माझ्याकडे येतात, मी दोन तासांत टाइप करून परत पाठवते. घरून काम करायची सवलत बाबांमुळे मिळाली, पण तिला एक अट आहे. महिन्यात पाच वेळा लाइन गेली तर माफ, त्याच्या वर गेली तर जाब द्यायचा. डिसेंबरात नऊ वेळा गेली. आमच्या सुपरवायझरबाईंनी स्वच्छ सांगितलं, "एक मार्चपर्यंत खात्रीची लाइन घ्या, नाहीतर ऑफिसात या. नऊ ते सहा." ऑफिस इथून सव्वा तासावर आहे. सकाळी साडेसातला बाहेर पडायचं आणि संध्याकाळी सव्वासातला परत यायचं, तर बाबांना कुठेतरी ठेवावं लागेल. तो विषय मी इथे काढत नाही.

आत्ताची लाइन त्या जुन्या केबलवाल्याची. तार गच्च्यांवरून येते, कुणी चादर वाळत घातली तरी हलते. बिघाड सांगितला की म्हणतो "आलोच", आणि दुसऱ्या दिवशी येतो. सगळा जिना आता त्याला 'आलोच' याच नावानं ओळखतो. लाइन गेली की मी लॅपटॉप उचलून तीन गल्ल्या पलीकडच्या वाचनालयात जाते. तिथे टेबल मिळतं, इंटरनेटही. तेवढा वेळ खालच्या मजल्यावरच्या काकू बाबांजवळ बसतात. फार गैरसोय होते.

बाबा ठीक आहेत. उजवी बाजू तशीच. शब्द पाच-सहा. पलंग बाहेरच्या खोलीत हलवला आहे, इंटरनेटच्या डब्याच्या खाली.

उत्तरात फक्त इंटरनेटचं लिहिलंस तरी चालेल.

ताई


२५ जानेवारी

चि. मुंगीस,

उत्तर मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, मध्ये सात प्रश्न. शिव्या देणाऱ्या गिऱ्हाइकाशीही तुम्ही याहून गोड बोलत असाल. पण प्रश्न चांगले आहेत, हे कबूल.

कंपनीला विचारू नकोस, जिन्यात विचार, असं तू लिहिलंस. मग रविवारी काकूंना वर बसवून दारोदार फिरले. दोन वर्षांत पहिल्यांदा वरच्या मजल्यापर्यंत गेले असेन. दुसऱ्या मजल्यावर शिकवणीवाल्या बाई राहतात. त्यांच्याकडे लाल गाडीवाली कंपनी आहे, सगळ्यात स्वस्त. "दुपारी पळतं हो," त्या म्हणाल्या, "पण संध्याकाळी सात ते नऊ मुलं पडद्यावर दगडासारखी थिजतात. पहिले दोन महिने मला वाटायचं, गणित कळत नाहीये म्हणून गप्प बसलीत." म्हणजे संध्याकाळचा वेग विचार, हा तुझा प्रश्न तिथेच वसूल झाला.

तिसऱ्या मजल्यावर गाडी शिकवणारे मास्तर. त्यांच्याकडे निळ्या पाटीची कंपनी. तिची तार गच्चीवरून येत नाही, रस्त्याखालून नळीतून येते. वर्षात दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा चार तासांत माणूस हजर. मास्तर म्हणाले, "एक मात्र विचारून घ्या. पहिलं वर्ष सरलं की दर वाढवतात आणि तेव्हा आपण विचारलं की म्हणतात, कागदावर लिहिलं होतं की! लिहिलेलं असतं, पण मुंगीला भिंग लावून वाचावं लागेल इतकं बारीक." मुंगी म्हटल्यावर मला हसू आलं. त्यांना का ते कळलं नाही.

सगळ्यात वरचे आजोबा म्हणाले, "आम्ही कुठलंच घेतलं नाही. मास्तरांचं वापरतो."

"त्यांना माहीत आहे?"

"त्यांनी अजून विचारलं नाही."

तेव्हा निळी पाटी ठरल्यासारखीच आहे. त्यांची बाई बुधवारी घरी येऊन गेली, फॉर्म ठेवून गेली. दर महिन्याच्या बोलीवर घेतलं तर जवळजवळ दुप्पट पडतं, ते मला झेपणारं नाही. सहा महिन्यांची बोली मधली. दोन वर्षांची सगळ्यात परवडणारी, पण मध्येच सोडली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे भरावे लागतात. दोन वर्षं दर वाढणार नाही असं तिनं फॉर्मवर लिहून सही करून दिली. डब्याचं भाडं नाही.

असे सहा प्रश्न सुटले. विचार चालू आहे.

बाबा बरे आहेत.

ताई


८ फेब्रुवारी

मुंगी,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "सातव्याचं उत्तर दिलं नाहीस."

सातवा प्रश्न होता, जोडणी किती काळासाठी हवी? तुम्ही तो सगळ्यांनाच विचारता, मला माहीत आहे. भाड्यानं राहणारा माणूस अकरा महिने म्हणतो, परदेशी जाणारा मुलगा तीन म्हणतो. त्या बाईनंही मला सहज विचारलं. पेन काढून, फॉर्म मांडीवर घेऊन, "दोन वर्षांचं टाकू ना, मॅडम?"

मी म्हणाले, "दोन वर्षं? तेवढं लागेल की नाही, काय सांगावं."

"घर बदलताय का?"

"नाही."

"नोकरी?"

"नाही."

मग तिची नजर पलंगाकडे गेली आणि पटकन परत फॉर्मवर आली. तिच्या नजरेमागे माझी गेली. बाबा जागे होते. भिंतीकडे बघत होते.

ती बाई गेल्यावर मी त्यांना भरवायला बसले. त्यांनी तोंड उघडलं नाही. रागानं नाही. विसरल्यासारखं. मी चमचा धरून बसले आणि मनात म्हटलं, मी लाइनचं बोलत होते, मी फक्त लाइनचं बोलत होते. तुला खोटं वाटेल, पण त्या क्षणापर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

म्हणून उत्तर दिलं नाही. कुठल्या चौकटीत खूण करू? सहा महिने केली तर बाबांच्या डोक्यावर, त्या डब्यात, मी त्यांची मुदत लिहून ठेवल्यासारखं होईल. आणि दोन वर्षं केली तर माझी

दार वाजतंय. 'आलोच' आला असेल, काल दुपारीच लाइन गेली आहे. उरलेलं मग.

संध्याकाळ.

काय झालं ते सांगते. लिहू की नको याचा विचार भाजी चिरताना करून झाला.

'आलोच'नं डबा खाली घेतला, मागची तार हातात धरून बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "ताई, हे टोक मी गेल्या महिन्यात नवं बसवलं. त्याच्या आदल्या महिन्यातही बसवलं. गच्चीवर माझी चूक असते, मी मानतो. पण टोकावरचा हा चाप आतून मोडलाय. कुणी खेचल्याशिवाय असा मोडत नाही."

मी म्हणाले, "बघा बाई, काय झालं असेल ते."

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "उंदीर."

दोघंही वळलो. बाबांच्या तोंडून सहा महिन्यांत नवा शब्द आला नव्हता. पाणी, नको, बस, दुखतं, असे पाच-सहा जुनेच. 'आलोच' बाबांना ओळखतो. तो शिकाऊ होता तेव्हा बाबा इथले वायरमन होते, अर्ध्या गल्लीची वायरिंग त्यांच्या हातची. तो म्हणाला, "काका, तुम्हीच शिकवलंत मला. उंदीर कुरतडतो. उंदीर खेचतो कधी?"

बाबांनी विचार केला. "मोठा," म्हणाले.

'आलोच' इतका हसला, की त्याच्या हातातून पेचकस पडला. "मोठा उंदीर दिसतोय खरा. नोकरीवाला असेल." माझ्याकडे एकदा बघितलं, नवं टोक बसवलं, पैसे न घेता गेला.

तू शहाणी आहेस. तुझ्या लक्षात आलं असेल. नसेल तर लिहिते.

तार मी खेचते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एकदा लाइन खरोखरच तीन दिवस बंद होती आणि मी तीन दिवस वाचनालयात बसले. तिथे एक खिडकी आहे, तिच्याखाली बसस्टॉप. बसेस येतात, जातात. मी काम संपवून दहा मिनिटं नुसती बघत बसले, आणि परत येताना लांबच्या रस्त्यानं आले. चौथ्या दिवशी लाइन सुरू झाली तेव्हा मला रडू फुटलं. त्यानंतर बाबांचा दुपारी डोळा लागला, की मी हळूच टोक ओढायची. डब्यावरचा हिरवा दिवा लाल व्हायचा. मग काकूंना हाक. "काकू, गेली हो परत, बसता का जरा?"

महिन्याला दोन वेळाच करायची. बाकीच्या तीन केबलवाल्यासाठी ठेवायची, म्हणजे पाचात बसतं. डिसेंबरात चुकलं. मी पहिल्याच आठवड्यात चार वेळा ओढली आणि नंतर गच्चीवर रंगकाम निघालं, त्याची पाच वेळा गेली.

तेव्हा सुपरवायझरबाईंनी जी नोटीस दिली, ती माझ्याच हातची आहे. आणि आता मी चांगली लाइन शोधतेय. रस्त्याखालून येणारी, वर्षात दोनदा बंद पडणारी. हे सगळं मला कुणाला सांगता येत नाही. काकूंना नाही, वाचनालयाच्या बाईंना नाही. तुला मात्र सांगितलं.

'आलोच' गेल्यावर मी बाबांना विचारलं, "तुम्ही झोपलेले नसायचात?"

त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. लहान मुलं झोपल्याचं सोंग करतात तसे. मग एक उघडून बघितलं, मी आहे की गेले ते.

ताई


१० फेब्रुवारी

मुंगी,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत वाटलं, परत काढून घ्यावं. आता एवढं सांगितलंच आहे, तर जे आधी सांगायला हवं होतं तेही लिहिते. इंटरनेटशी याचा संबंध नाही. किंवा आहे.

दोन वर्षांपूर्वी, बाबांच्या झटक्यानंतर, तू परत निघालीस त्या दिवशी स्वयंपाकघरात काय बोलली होतीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "ताई, तू एकटी मोडून जाशील. मी दर पंधरा दिवसांनी चार दिवस येते, ते चार दिवस तू कुठेही जा, झोप, काहीही कर." एवढंच बोललीस. आणि मी म्हणाले, "पाहुणीसारखं येऊन उपकार नकोत."

मग मी बाहेर आले. बाहेर मोठे काका बसले होते, आत्या होती. काकांनी विचारलं, धाकटी काय म्हणते? मी म्हणाले, "काय म्हणणार? बाबांना कुठेतरी ठेवा म्हणते."

तू तसं म्हणाली नव्हतीस. तू कधीच तसं म्हणाली नव्हतीस. मला तुझा राग आला होता, कारण तुला जायला जागा होती. काका ताडकन उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगी असावी तर अशी." आत्यानं डोळे पुसले. त्यानंतर दोन वर्षं, जो भेटला त्यानं मला हेच सांगितलं. एकदा अशी शाबासकी घेतली, की 'मला होत नाही' असं म्हणायला तोंड राहत नाही. म्हणून मी ते म्हटलं नाही. तार खेचत बसले.

आणि तुला लग्नाकार्याला कुणी बोलावलं नाही, आत्यानं फोन उचलला नाही, हे सगळं माझ्या कानावर येत होतं. मी ऐकत होते आणि टाइप करत होते.

हे वाचून तू उत्तर दिलं नाहीस तर मी समजेन.

ताई


२१ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

उत्तर आलं नाही. समजले.

तरी हे पत्र लिहावं लागतंय, त्याचं कारण खाली येईल.

आधी काका. रविवारी मी त्यांना फोन केला आणि त्या दिवशीचं खरं सांगितलं. फोनवर इतकी शांतता झाली, की मला वाटलं तोही बंद पडला. मग म्हणाले, "अगं, मग आम्ही त्या पोरीला दोन वर्षं..." मोठ्या काकू मागून विचारत होत्या, काय झालं, कोण गेलं? काकांनी एवढंच विचारलं, "हे आत्ता का सांगतेस?" मी म्हणाले, "माझ्यानं होत नाही म्हणून." हे वाक्य उभ्याउभ्या म्हटलं. म्हटल्यावर बसले. काका तुला फोन करणार आहेत. रडतील. सांभाळून घे.

आता फॉर्म. ऑफिसची मुदत संपायला दहा दिवस उरले, तेव्हा परवा दुपारी मी तो बाबांच्या समोर धरला. म्हटलं, "बाबा, मी त्या बाईसमोर जे बोलले ते वाईट होतं. तुम्हीच सांगा. सहा महिने की दोन वर्षं?" डाव्या हातात पेन्सिल दिली. त्यांनी बराच वेळ फॉर्म बघितला, वायरिंगचा नकाशा बघायचे तसा, वरून खाली. मग दोन वर्षांच्या चौकटीत खूण केली. रेघ चौकटीबाहेर पडून पार उशीच्या अभ्र्यापर्यंत गेली.

"नक्की? दोन वर्षं?"

"कमी," म्हणाले.

मी हसले. त्यांचाही अर्धा चेहरा हसला. मग मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तो वाहत असेपर्यंत उभी राहिले. दोन्ही खरं आहे. हे असंच लिहिते, सावरून लिहीत नाही. बाबा पुष्कळ जगायला हवेत, आणि मला या घरात श्वास पुरत नाही. माणूस एकाच वेळी दोन्ही म्हणू शकतो, हे मला इतके दिवस माहीत नव्हतं. मला वाटायचं, एक म्हटलं तर दुसरं खोटं ठरतं.

काल निळ्या पाटीची बाई फॉर्म घेऊन गेली. तार सव्वीसला बसेल. रस्त्याखालून, नळीतून, भिंतीला छिद्र पाडून. ती सहजासहजी बंद पडणार नाही. तिला खेचताही येत नाही, डब्यात आतून बसवलेली असते, मी विचारून घेतलं. म्हणजे वाचनालयात जायचं तर आता कारण सांगून जावं लागेल. खालच्या काकूंना मी विचारलंसुद्धा. "काकू, लाइन चालू असली तरी मंगळवारी तासभर बसाल का?" त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस ती बिघडायची वाट कशाला बघत होतीस?"

आता काम. दोन वर्षांच्या बोलीत त्यांना घरातली आणखी एक जबाबदार व्यक्ती लागते. मी उत्तर देऊ शकले नाही, आजारी पडले, घरी नसले, तर कुणाशी बोलायचं म्हणून. तुला हे माहीत असेल. बाई म्हणाली, "मॅडम, बाबांचं टाकू?" मी म्हणाले, "नाही, माझी बहीण." "इथेच राहतात?" मी म्हणाले, "येऊन जाऊन असते." तुझं नाव लिहिलं, तुझा नंबर लिहिला. न विचारता लिहिला, ही चूक आहे, पण ती मी तुला सांगून करतेय.

आतल्या खोलीतलं कपाट हलवलं, तर खिडकीशी दुसरं टेबल मावतं. मी मापून बघितलं. तुमच्या तक्रारकेंद्रातही आता घरून कॉल घ्यायला देतात, असं तूच कधीतरी फोनवर, भांडण सुरू व्हायच्या आधी, म्हणाली होतीस. लाइन दोघींना पुरेल इतकी आहे, मास्तरांनी हिशोब करून सांगितलं. पंधरा दिवसांतून चार दिवस. तू तेव्हा जे म्हणाली होतीस तेच मागतेय. पाहुणी म्हणून नाही. त्या चार दिवसांत मी फारशी घरात नसेन, तेव्हा आपण भांडूही शकणार नाही.

गुरुवारी अकरा ते एकच्या दरम्यान त्यांचा तुला फोन येईल. तू रोज लोकांना जे विचारतेस तेच ते तुला विचारतील, या जोडणीसाठी तुमचं नाव दिलं आहे, तुमची संमती आहे का? हो किंवा नाही, एवढंच सांगायचं असतं. कारण विचारत नाहीत.

नाही म्हणालीस तर ते तुझ्या नावावर रेघ मारतील आणि तार तरीही बसेल. मला कळवायची गरज नाही. हो की नाही ते सांगायला दुपारी त्या बाईचा फोन आला, की बाबांच्या शेजारी बसून मी तो घेईन.

ताई